सुईने दुखणे हटते काय?

तुमच्या घरात एका तरी माणसाचे काही ना काही दुखत असणारच. उसाला पाणी देताना वाकून वाकून वडिलांची कंबर धरलेली असते, जमिनीवरून उठताना आईचा गुडघा कटकन वाजतो, आणि फळ्यावर लिहून लिहून गुरुजींचा खांदा असा आखडतो की सदऱ्याच्या बाहीत हात घालायलाही दुसऱ्याची मदत लागते. ही दुखणी जीव घेत नाहीत, म्हणून त्यांना कुणी आजार म्हणत नाही. पण ती वर्षानुवर्षे मुक्कामाला राहतात. मग शेक होतो, तेल होते, बिब्बा घालून होतो, तालुक्याला जाऊन इंजेक्शने होतात, आणि एक दिवस कुणीतरी सांगतो, "अहो, त्या चिनी सुया टोचून पहा की! आमच्या मेव्हण्याला चार दिवसांत गुण आला."

त्या चिनी सुयांविषयी, म्हणजे ॲक्युपंक्चरविषयी, आज तुमच्याशी बोलायचे आहे. आधीच सांगून टाकतो की मी डॉक्टर नाही. कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतो. एखादे विधान कशाच्या आधारावर उभे आहे, ते तपासणे एवढाच माझा धंदा. मात्र या सुया मी स्वतः टोचून घेतलेल्या आहेत, आणि त्यात एक चूक करून दीड महिना काठी घेऊन हिंडलो आहे. ती हकिकत पुढे येईलच.

सुई म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे इंजेक्शन येते. ही सुई तशी नव्हे. इंजेक्शनची सुई पोकळ असते, ही भरीव. हिच्यातून कोणतेही औषध आत जात नाही. जाडी साधारण पाव मिलिमीटर, म्हणजे इंजेक्शनच्या नेहमीच्या सुईच्या निम्म्याहूनही कमी. रोग्याला निजवून अशा आठ-दहा किंवा पंधरा-वीस सुया ठरावीक जागी टोचतात, मधूनमधून बोटांनी फिरवतात आणि वीस ते तीस मिनिटांनी काढून घेतात. टोचताना मुंगी चावल्यासारखे वाटते. फिरवली की आत जडपणा, बधिरपणा किंवा गोड कळ आल्यासारखे होते. काही ठिकाणी सुयांना विजेचा अगदी सौम्य प्रवाहही जोडतात.

चिनी वैद्यांची मूळ समजूत अशी की 'ची' नावाची एक जीवनशक्ती शरीरात बारा मुख्य वाहिन्यांतून वाहत असते. ती कुठे तुंबली की दुखणे उद्भवते, आणि योग्य बिंदूवर सुई टोचली की वाट मोकळी होते. असे ३६१ बिंदू आज प्रमाण मानले जातात. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी संकलित झालेल्या 'हुआंगदी नेइजिंग' या चिनी वैद्यकग्रंथात नऊ प्रकारच्या सुया सांगितल्या आहेत, आणि त्यांतल्या काही तर गळू फोडण्याच्या नि रक्त काढण्याच्या कामाच्या आहेत. शवविच्छेदन करून पाहिले तर या वाहिन्या कुठे सापडत नाहीत. म्हणून 'ची'ची कल्पना हा त्या काळच्या वैद्यांनी आपल्या अनुभवाची संगती लावण्यासाठी उभा केलेला नकाशा समजावा. नकाशा चुकीचा असला म्हणून वाटसरू मुक्कामाला पोचतच नाही असे नाही. पण तो पोचला, म्हणून नकाशा बरोबर होता असेही ठरत नाही.

"हजारो वर्षांची विद्या आहे, खोटी कशी असेल?" असे पुष्कळजण विचारतात. खुद्द चीनमध्येच या विद्येचे दिवस सारखे राहिलेले नाहीत. १८२२ साली सम्राट दाओग्वांगच्या आज्ञेने ती राजवैद्यकीच्या विद्यालयातून काढून टाकली गेली. १९२९ साली तिथल्या सरकारपुढे सारे जुने वैद्यकच बंद करण्याचा ठराव आला होता. वैद्यांनी देशभर विरोध केला तेव्हा तो मागे पडला. आज आपण पाहतो ती बारीक सुईची, रक्तवाहिन्या टाळून टोचण्याची पद्धत बऱ्याच अंशी १९३० च्या सुमारास चेंग दानआन या सुधारक वैद्याने घालून दिली. पुढे १९५० नंतर नव्या चिनी सरकारने तिला दवाखान्यात मानाची जागा दिली. जुनेपणाचाच पुरावा धरायचा, तर आपला बिब्बाही काही कालचा नाही!

आपल्याकडे ही सुई आली ती एका मराठी माणसाच्या सहकाऱ्याच्या हातून. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस तुम्हांला ठाऊक आहेत. जपानशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीला १९३८ साली भारतातून पाच डॉक्टरांचे पथक गेले, त्यात ते होते आणि १९४२ साली तिथेच वयाच्या बत्तिसाव्या वर्षी वारले. त्याच पथकात कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू होते. ते परत आले. १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला जाऊन ही विद्या शिकले आणि कलकत्त्यात त्यांनी उपचार सुरू केले. भारतातल्या ॲक्युपंक्चरचा आरंभ सर्वसाधारणपणे तिथून धरतात.

पाश्चात्त्य देशांत मात्र सुईचा गवगवा झाला तो एका बातमीदाराच्या पोटदुखीमुळे. जेम्स रेस्टन हे न्यूयॉर्क टाइम्सचे नामांकित पत्रकार जुलै १९७१ मध्ये पेकिंगला गेले असता त्यांचे ॲपेंडिक्स दुखू लागले आणि तिथल्याच रुग्णालयात शस्त्रक्रिया करावी लागली. पुढे जगभर बोलबाला झाला की नुसत्या सुया टोचून त्यांचे पोट कापले. तसे काही झाले नव्हते. शस्त्रक्रिया नेहमीसारखी बधिरतेची इंजेक्शने देऊनच झाली. दुसऱ्या रात्री पोट फुगून अस्वस्थ वाटू लागले, तेव्हा तिथल्या वैद्याने कोपराजवळ आणि गुडघ्यांखाली सुया टोचल्या, पोटाजवळ औषधी वनस्पतीची धुरी धरली, आणि तासाभरात आराम पडला. रेस्टननी लिहिले ते एवढेच.

हा प्रसंग मी वर्गात दरवर्षी सांगतो. सुई टोचली आणि तासाभराने बरे वाटले. म्हणून सुईनेच बरे वाटले काय? कावळा फांदीवर बसायला आणि ताडाचे फळ पडायला एकच गाठ पडली, यालाच आपले जुने शास्त्री काकतालीय न्याय म्हणत. शस्त्रक्रियेनंतर फुगलेले पोट बहुधा आपोआपच बसते. आणि जुन्या दुखण्याची तर भरती-ओहोटी असते. माणूस दवाखान्याची पायरी चढतो ती भरतीच्या दिवशी. त्यानंतर ओहोटी येणारच, मग तुम्ही सुई टोचा, ताईत बांधा, नाहीतर काहीच करू नका. मेव्हण्याला चार दिवसांत गुण आला यावर म्हणूनच भागत नाही.

मग खरे-खोटे ठरवायचे कसे? पुष्कळ रोगी घ्यावेत, चिठ्ठ्या टाकून त्यांचे गट पाडावेत, आणि एका गटाला खरी सुई तर दुसऱ्याला खोटी सुई द्यावी. "खोटी सुई कशी देणार बुवा?" असे तुम्ही म्हणाल. युक्त्या आहेत. एक, बिंदू सोडून भलत्याच जागी आणि अगदी वरवर टोचायची. दुसरी मोठी गमतीची: नाटकातला खंजीर जसा पाते मुठीत सरकून खुपसल्यासारखा दिसतो, तशी बोथट टोकाची सुई जर्मनीतल्या संशोधकांनी १९९८ साली प्रसिद्ध केली. ती कातडीला टेकते, पण आत शिरत नाही, आणि रोग्याला वाटते टोचली.

जर्मनीतच कंबरदुखीवर एक मोठा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २००७ साली छापून आले. ११६२ रोगी होते आणि सरासरी आठ वर्षांचे जुने दुखणे. एका गटाला चिनी पद्धतीची खरी सुई, दुसऱ्याला भलत्या जागी वरवरची सुई, तिसऱ्याला औषधे, व्यायाम, शेक वगैरे नेहमीचे उपचार. सहा महिन्यांनी पाहिले तर खऱ्या सुईच्या गटात शंभरांपैकी सुमारे ४८ जणांना चांगला गुण आला होता. नेहमीच्या उपचारांच्या गटात २७ जणांना. आणि खोट्या सुईच्या गटात? ४४ जणांना!

इथे जरा थांबा. सुईच्या बाजूचे लोक म्हणतात, पहा, नेहमीच्या उपचारांपेक्षा सुई कितीतरी सरस ठरली. विरुद्ध बाजूचे म्हणतात, पहा, सुई कुठेही टोचली तरी चालते, म्हणजे तुमच्या त्या ३६१ बिंदूंत काही अर्थ नाही. माझ्या मते दोघेही आपापल्या वाट्याचे खरे बोलतात. शिवाय तिसऱ्या गटातले लोक तेच ते उपचार वर्षानुवर्षे करून कंटाळलेले होते, त्यांना आशा ती कसली उरणार, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

पुढे २०१२ साली अशा २९ प्रयोगांतल्या सुमारे १८ हजार रोग्यांची माहिती एकत्र करून तपासली गेली. दुखणे कंबर, मान, खांदा, गुडघा आणि डोके यांचे. कल्पना यावी म्हणून संशोधकांनी एक उदाहरण दिले. समजा, शंभराच्या मोजपट्टीवर तुमचे दुखणे ६० आहे. सुई न घेता ते ४३ वर येईल, खोट्या सुईने ३५ वर आणि खऱ्या सुईने ३० वर. म्हणजे खऱ्या-खोट्या सुईत फरक आहे, पण लहान. सुई घेण्यात आणि न घेण्यात फरक मोठा. आणि ३० म्हणजे शून्य नव्हे, बरं का! सुईने दुखणे मुळासकट गेले असे यात कुठेही म्हटलेले नाही.

विद्वानांचे एकमत अजून झालेले नाही. ब्रिटनच्या वैद्यकीय मार्गदर्शक संस्थेने कंबरदुखीवर ही सुई २००९ साली सुचवली आणि २०१६ साली ती शिफारस मागे घेतली. २०२१ साली मात्र, ज्याचे कारण सापडत नाही अशा जुनाट वेदनेसाठी एक वेळ देऊन पाहण्यास हरकत नाही असे म्हटले. अमेरिकेच्या सरकारी विमा योजनेने जुनाट कंबरदुखीपुरता २०२० पासून खर्च देणे सुरू केले: नव्वद दिवसांत बारा बैठका, आणि सुधारणा दिसली तरच पुढच्या. ही शेवटची अट तुम्हीही गाठीला बांधा.

आता आत घडते काय? ठेच लागली की आपण अंगठा चोळतो, आणि चोळल्याने कळ कमी वाटते. चोळण्याचा संदेश मज्जारज्जूत शिरून वेदनेच्या संदेशाची वाट अडवतो, असा सिद्धांत मेलझॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी १९६५ साली मांडला. सुई काही अंशी तेच करत असावी. दुसरे असे की आपला मेंदू अफूसारखी वेदनाशामक द्रव्ये स्वतःच तयार करतो. १९७७ च्या एका प्रयोगात, अफूचा परिणाम उतरवणारे औषध टोचले तेव्हा सुईने कमी झालेली दातांची वेदना पुन्हा जाणवू लागली. २०१० साली उंदरांवरच्या प्रयोगात असेही दिसले की सुई फिरवली की त्या जागी ॲडिनोसिन नावाचे वेदना शमवणारे द्रव्य बरेच वाढते. आणि अर्धा तास शांत पडून राहणे, कुणीतरी मायेने विचारपूस करणे, बरे वाटेल ही आशा, यांनीही मेंदूतली तीच द्रव्ये हालतात. म्हणून खोट्या सुईने आलेल्या गुणाला "नुसता मनाचा खेळ" म्हणून हिणवू नये.

हे सारे वेदनेबद्दल झाले. फाटलेल्या स्नायूचे काय? इथेच माझी हकिकत येते.

दोन वर्षांपूर्वी कॉलेजच्या क्रीडादिनी प्राध्यापकांचा कबड्डीचा सामना होता. वय पंचेचाळीस, सवय शून्य, उत्साह दांडगा. चढाईला गेलो आणि डाव्या पोटरीत मागून कुणीतरी दगड मारल्यासारखे झाले. वळून पाहिले तर मागे कोणीच नाही. पोटरीचा स्नायू फाटला की नेमके असेच वाटते, हे पुढे डॉक्टरांकडून कळले. चार-पाच दिवसांनी एकाच्या सांगण्यावरून सुया टोचून घेतल्या. दुसऱ्याच बैठकीनंतर दुखणे निम्म्याने उतरले. मी खूष! तिसऱ्या दिवशी सुटायला लागलेली एस.टी. गाठायला धावलो, आणि तोच स्नायू, त्याच जागी, पहिल्यापेक्षा जास्त फाटला. सुई टोचणाऱ्याने "धावू नका" असे बजावले नव्हते. पण मीही विचारले नव्हते. तर्कशास्त्राच्या प्राध्यापकाने 'दुखत नाही' याचा अर्थ 'भरून आले' असा लावला, तर दोष सुईला कसा द्यायचा?

फाटलेला स्नायू भरून येतो तो स्वतःच्या क्रमाने. आधी तिथे रक्त साकळते आणि सूज येते. मग मेलेल्या तंतूंचा निचरा होतो, स्नायूतल्याच राखीव पेशी नवे तंतू विणू लागतात आणि मधली फट जोडणारा व्रणाचा धागा तयार होतो. शेवटी त्या धाग्यांना ताण सोसायची शिस्त लागते. ही शिस्त हळूहळू वाढवलेल्या व्यायामानेच लागते, निजून राहून नव्हे आणि सुईनेही नव्हे. साधी लचक दोन-तीन आठवडे घेते, मध्यम जखम दीड-दोन महिने. पुरता तुटलेला स्नायू शस्त्रक्रियेपर्यंत नेतो. सुईने हा क्रम लवकर उरकतो असा भरवशाचा पुरावा नाही. दुखऱ्या स्नायूच्या गाठीत सुई टोचण्याची 'ड्राय नीडलिंग' नावाची पद्धत हल्ली फिजिओथेरपीवाले वापरतात. तीही वेदना आणि आखडलेपणा काही काळ सैल करते, फाटलेले शिवत नाही.

शिक्षकमंडळींनी हे विशेष ध्यानात ठेवावे. मैदानात मुलाच्या मांडीत किंवा पोटरीत चमक भरली तर खेळ तिथेच थांबवा. पहिले दोन दिवस फडक्यात गुंडाळलेला बर्फ किंवा गार पाण्याची घडी ठेवावी, सैलसर पट्टी बांधावी, पाय उंच ठेवावा. शेक नको, जोराने चोळणे तर मुळीच नको. रक्त आणखी साकळते. पायावर उभेच राहवत नसेल, खड्डा पडल्यासारखा लागत असेल, किंवा पोटरी टणक होऊन कळ वाढतच असेल तर दवाखाना गाठावा. आणि मुलगा चौथ्या दिवशी "आता दुखत नाही, सर" म्हणाला तरी लगेच चढाईला पाठवू नका. एकदा फाटलेला स्नायू पुन्हा फाटण्याचाच धोका जास्त असतो.

सुई निर्धोक आहे काय? सांभाळून टोचली तर बव्हंशी आहे. जर्मनीत सव्वादोन लाखांहून अधिक रोग्यांची नोंद ठेवली, तेव्हा शंभरात आठ-नऊ जणांना काही ना काही त्रास झाला होता. तो बहुतेक रक्ताचा थेंब येणे, काळे-निळे होणे, टोचल्या जागी दुखणे असा किरकोळ. दोघांच्या बाबतीत मात्र सुई खोल जाऊन फुप्फुसाभोवती हवा शिरली. म्हणून छाती, पाठ किंवा खांद्यावर सुया घेतल्यावर त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दम लागू लागला तर तडक रुग्णालयात जावे. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील, दिवस गेलेले असतील, हृदयात पेसमेकर असेल, तर ते आधी सांगावे. सुई एकदाच वापरायची, बंद पाकिटातली आणि तुमच्यासमोर फोडलेली असावी. दुसऱ्याच्या अंगातली सुई कावीळ-ब सारखे रोग घेऊन येते. यात भीड कसली?

टोचणारा कोण, हेही विचारा. महाराष्ट्रात या उपचारासाठी २०१५ चा स्वतंत्र अधिनियम आहे, ॲक्युपंक्चर परिषद आहे, आणि तिच्याकडे चिकित्सकांची नोंदणी होते. नोंदणी क्रमांक मागणे हा तुमचा हक्क आहे. जो म्हणेल "सगळ्या गोळ्या आजपासून बंद", त्याच्याकडून उठून यावे. तसेच कंबरदुखीबरोबर पायाला बधिरपणा आला, लघवीवर ताबा राहिला नाही, ताप येतो, वजन घटते, रात्री कळ झोपू देत नाही, किंवा पडल्यानंतर दुखणे सुरू झाले, तर आधी डॉक्टर. सुईचा विचार त्यानंतर. सुईने वेदना दबली आणि आतला रोग वाढत गेला, हा धोका टोचण्याच्या धोक्यापेक्षा मोठा आहे.

इतके असूनही मी माझ्या आईला सुया घ्यायला नेले. तिचे गुडघे झिजलेले, वय बहात्तर. वेदनेच्या गोळ्या रोज घेऊन पोटाची आग होऊ लागली होती आणि डॉक्टरांनी मूत्रपिंडाची भीती घातली होती. त्यांनी व्यायामाचा कागद दिला होता, पण दुखते म्हणून ती व्यायाम करीना, आणि व्यायाम नाही म्हणून मांड्या दुबळ्या होऊन गुडघा आणखी दुखे. हे चक्र कुठेतरी तोडायला हवे होते. पाच आठवड्यांत दहा बैठका ठरवल्या. पाच-सहा बैठकांत काहीच फरक नाही तर बंद, असे आधीच बोलून ठेवले. पहिल्या तीन बैठका कोरड्या गेल्या. चौथीनंतर तिला रात्रीची झोप लागू लागली. त्याच आठवड्यात तो कागद मी स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवला: गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून पाय ताठ करायचा, दहा वेळा, हात न टेकता खाटेवरून उठायचे-बसायचे, दहा वेळा.

आता सुया बंद होऊन आठ महिने झाले. गोळी ती आठवड्यातून एखादी घेते, मारुतीच्या देवळाच्या नऊ पायऱ्या कठडा धरून चढते. कशाने गुण आला असे विचारले तर म्हणते, "अरे, सुयांनीच! तुझ्या कागदाने काय होतंय?" आणि हे बोलता बोलता खाटेवरून हात न टेकता उठते.